कादंबरींतील माणूस कसा ओळखावा?



कथेंतील एखादें पात्र आपल्या चांगल्या ओळखीचें झालें आहे असें आपण म्हणतों, तेव्हां त्याचा चेहरा आपल्या डोळ्यांपुढें असतोच असें नाहीं. पुष्कळदां त्याच्या नाकाडोळ्यांविषयीं लेखकानें अवाक्षरही लिहिलेलें नसतें. तरीही अमुक प्रसंगीं तो कसा वागेल, हें आपण छातीठोकपणें सांगतों. मराठी कादंबरीला ही किमया आरंभापासून साधलेली नव्हती.

‘कादंबरी’ हें नांव आपण बाणभट्टाच्या संस्कृत कथेवरून घेतलें आणि नांवाबरोबर अलंकारिक वर्णनाची हौसही घेतली. हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या त्या अद्भुतरम्य काळांतील कादंबऱ्या. तेव्हांच्या कल्पनेप्रमाणें नायिका म्हटली कीं मुख चंद्रासारखें आणि नेत्र कमलासारखे. अशा दहा नायिका एका ओळींत उभ्या केल्या, तर कोणती कोण हें ओळखणें कठीण!

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’ची (१८५७) जात निराळी. विधवांची दुःस्थिति त्यांत मोठ्या कळकळीनें सांगितली आहे. परंतु तेथें पात्रें येतात तीं मुख्यतः लेखकाचें म्हणणें सिद्ध करण्याकरितां. त्यांची हकीकत कळते. मन फारसें कळत नाहीं.

हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ पत्र काढलें आणि त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. विषय पुन्हां स्त्रियांच्या दुःखाचाच. परंतु या खेपेस हरिभाऊ स्वतः बाजूला सरले आणि यमूलाच बोलूं दिलें. जी मुलगी आपली कहाणी आपणच सांगते, ती स्वतःच्या मुखाला चंद्राची उपमा कशी देईल? तिची ओळख तिच्या घरगुती बोलण्यांतून होते. ती कोणाला भिते, कशानें हरखते, सुशिक्षित पतीच्या सहवासांत तिचें मन कसें उमलतें, हें आपण तिच्याच तोंडून ऐकतों. शंकरमामंजींची पारख तर सर्वस्वीं वर्तनावरून होते. बाहेर धर्माचें अवडंबर, आंत स्वार्थ आणि दुष्टपणा! केवळ बाह्य वेष वर्णिला असता, तर हा गृहस्थ सज्जनांतच जमा झाला असता.

हा केवळ लेखनशैलीचा फरक नव्हता. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रांत मोठें रण माजलें. सभांत शास्त्राधार निघत, वर्तमानपत्रांत लेख झडत. परंतु ज्या मुलींबद्दल हा वाद चालला होता, त्यांचा आवाज क्वचितच ऐकूं येई. त्याच सुमारास यमू घरोघर वाचली जात होती. पतिनिधनानंतर तिचें बळजबरीनें केशवपन होतें, तेव्हां वाचकाला ती ‘एक विधवा’ वाटत नाहीं. लहानपणापासून परिचयाची असलेली यमू वाटते. वादांतील प्रतिपक्षाला उत्तर देतां येतें. यमूला काय उत्तर द्यावयाचें?

हें आत्मकथन एका पुरुषानें लिहिलेलें आहे, हें विसरूं नये. स्त्रियांनीं आपलें मन आपल्याच लेखणीनें उघड करणें याचें मोल स्वतंत्रच आहे. तथापि दुसऱ्याच्या अंतःकरणांत शिरून त्याच्या दृष्टीनें जग पाहतां येतें, याचा वस्तुपाठ मराठी कादंबरीला हरिभाऊंनीं घालून दिला. १८९३ सालीं पुस्तकरूप पावलेली ही कादंबरी आजही सहज मिळते. श्रोत्यांनीं ती अवश्य पुन्हां वाचावी आणि यमूच्या दिसण्याविषयीं आपल्याला किती थोडें ठाऊक आहे, तें पाहावें.