ओढेकाठची वनश्री, नांदेड–लातूर भागातील
ओढेकाठची वनश्री, नांदेड–लातूर भागातील : ओढे, नाले व तलाव यांच्या ओलसर काठांवर वाढणारी झाडे, झुडपे, गवते व लव्हाळे यांचा समूह. मांजरा व तिला मिळणाऱ्या तेरणा, तावरजा, मन्याड या नद्यांच्या खोऱ्यांत काळ्या मातीचे काठ पावसाळ्यात सहज ढासळतात. करंज, उंबर, निर्गुडी, वाळा आणि विशेषतः शिंदी यांची मुळे ते धरून ठेवतात. कंधार येथील राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्रासारख्या तलावांच्या उथळ कडाही पाणथळ भूमीतच मोडतात.

शिंदीच्या पानांपासून केरसुण्या व चटया होतात. तिच्या रसावरील आबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला, तेव्हा निजाम सरकारचा महसूल बुडविण्यासाठी ठिकठिकाणी ही झाडे तोडण्यात आली. स्वातंत्र्यलढ्याचा तो एक न्याय्य भाग होता. तथापि त्यामुळे कित्येक ओढ्यांचे काठ उघडे पडले.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरही ऱ्हास थांबला नाही. लागवड वाढली तसा नांगर थेट काठापर्यंत पोहोचला; उरलेल्या जागी वेडी बाभूळ व बेशरम माजली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. जलयुक्त शिवार अभियानात (२०१४–१९) अनेक नाल्यांचे खोलीकरण व रुंदीकरण झाले. त्यामुळे पाणी साठविण्यास जागा मिळाली. परंतु जेथे यंत्राने काठावरील झुडपे उपटली जातात व उकरलेली माती तेथेच रचली जाते, तेथे ती पुराबरोबर पुन्हा पात्रात उतरते.

पुनरुज्जीवनासाठी काठालगतचा पट्टा नांगरणीतून वगळून सुरुवातीची काही वर्षे तेथे चराईबंदी ठेवावी लागते. पाण्यालगत लव्हाळा व पाणकणीस, उतारावर वाळा व निर्गुडी, तर वरच्या कडेस करंज, जांभूळ, उंबर व शिंदी, असा क्रम उपयुक्त ठरतो. अशा पट्ट्यात वाहत्या पाण्याचा वेग मंदावतो, गाळ अडतो व पाणी जमिनीत मुरते. अल्पभूधारकास मात्र यासाठी पिकाखालील जमीन सोडावी लागते आणि लाभ खालच्या गावांनाही मिळतो. म्हणून त्याची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न वृक्षलागवडीइतकाच महत्त्वाचा आहे.