वेगाचा लगाम: वाफेच्या एंजिनापासून मालमोटारीपर्यंत

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यांत, दरेकशाच्या रानांत कचारगडचा डोंगर उभा आहे. त्याच्या पोटांत प्रचंड नैसर्गिक गुहा असून कोया पुनेम मानणाऱ्या गोंड समाजाचें तें परमपवित्र स्थान होय. आदिगुरु पारी कुपार लिंगो यांनीं येथें कोंडलेल्या बालकांची मुक्तता घडवून आणली, अशी त्या समाजाची श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादि प्रांतांतून हजारों यात्रेकरू येथें जमतात. कोणी दरेकसा स्टेशनावर आगगाडींतून उतरतात, कोणी देवरीच्या बाजूनें मोटारीनें येतात.

या मुलुखांतून दोन मोठ्या वाटा जातात. त्यांपैकीं रुळांची वाट जुनी. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ सालीं स्थापन झाली आणि १८९१ पर्यंत नागपूरपासून आसनसोलपर्यंतचा तिचा मुख्य मार्ग पुरा झाला. दुसरी वाट दक्षिणेकडून, देवरीवरून जाते. पूर्वीं तिला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत. आतां तिचा क्रमांक ५३ आहे. नागपूर व रायपूर यांना जोडणाऱ्या या रस्त्यावर अवजड मालमोटारींची रीघ रात्रंदिवस लागलेली असते. अशा कांहीं मालमोटारींत आतां क्रूझ कंट्रोल नांवाची सोय असते. चालकानें एकदां वेग ठरवून दिला, कीं पेडलावरचा पाय काढला तरी गाडी त्याच वेगानें धांवत राहते. ही सोय कोणत्या गरजेंतून जन्मली आणि तिच्यावर कितपत विसंबावें, हें समजण्यासाठीं इतिहासांत बरेंच मागें जावें लागतें.

१७८८ सालीं जेम्स वॉट यानें आपल्या वाफेच्या एंजिनाला एक फिरतें उपकरण जोडलें. एका उभ्या दांड्याभोंवतीं दोन जड गोळे फिरत. एंजिन जलद चालूं लागलें, कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेची झडप मिटूं लागे; एंजिन मंदावलें, कीं गोळे खालीं येत आणि झडप उघडे. हें तत्त्व पवनचक्क्यांत पूर्वींच वापरांत होतें. वॉटनें तें एंजिनाच्या कामीं लावलें. त्यामुळें गिरण्यांना एकसारखी गति मिळूं लागली. तथापि हें उपकरणही कधीं कधीं हेलकावे खाई आणि वेग पुनःपुन्हां वरखालीं होई. तसें कां घडतें याची गणिती मीमांसा जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानें १८६८ सालच्या आपल्या निबंधांत केली.

परंतु गिरणीचें एंजिन जागच्या जागीं उभें असे. त्याच्यासमोर वळण नव्हतें, उतार नव्हता, अंधारांतून अकस्मात् पुढें येणारी बैलगाडी नव्हती. वेग स्थिर राखला, कीं त्याचें काम संपलें. वेग राखणारें यंत्र रस्त्यावर आलें, तेव्हां मात्र प्रश्नाचें स्वरूपच पालटलें.

तें रस्त्यावर आणण्याचें श्रेय मुख्यतः अमेरिकेंतील राल्फ टीटर या एंजिनियराला दिलें जातें. १८९० सालीं जन्मलेल्या या माणसाची दृष्टि वयाच्या पांचव्या वर्षीं एका अपघातानें गेली. तरीही त्यानें विद्यापीठांत एंजिनियरिंगचें शिक्षण पुरें केलें आणि १९३६ सालीं तो अमेरिकेंतील मोटार-एंजिनियरांच्या संस्थेचा अध्यक्ष झाला. त्याचा वकील मोटार हांकतांना बोलूं लागला कीं वेग कमी करी आणि ऐकूं लागला कीं वाढवी. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरच्या मनांत ही कल्पना आली, असें सांगतात. डोळस माणसाच्या लक्षांत न येणारी चंचलता अंधाला अंगावर जाणवली! दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं पेट्रोल व रबर वांचविण्यासाठीं अमेरिकेंत ताशी ३५ मैलांची मर्यादा घालण्यांत आली, तेव्हां या कल्पनेला अधिकच निकड प्राप्त झाली.

१९५० सालीं त्याला पेटंट मिळालें. त्या पहिल्या योजनेंत ठरलेल्या वेगाला पेडल चालकाच्या पायाला उलट रेटा देई. म्हणजे तें यंत्र चालकाला सूचना देई. गाडी हांकणें चालकाकडेच राही. वेग आपोआप धरून ठेवण्याची युक्ति नंतर आली आणि १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या मोटारींत ती सोय देऊं केली. सूचना देणारें यंत्र आणि काम हातीं घेणारें यंत्र यांतील हें अंतर लहान दिसतें. पण चालकाचें लक्ष ढळण्याचा संभव तेथूनच सुरू होतो.

भारतांतील कायद्यानें निराळी दिशा धरली. १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक प्रवासी व मालवाहू व्यावसायिक वाहनांना वेगनियंत्रक सक्तीचा झाला. त्याची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर असून डंपर, टँकर, शाळेच्या बसगाड्या व धोकादायक माल नेणारीं वाहनें यांच्यासाठीं ती ६० आहे. वेगनियंत्रक आणि क्रूझ कंट्रोल यांची गल्लत होतां कामा नये. पहिला ठराविक वेगापुढें जाऊं देत नाहीं. दुसरा ठराविक वेगाखालीं येऊं देत नाहीं. पहिल्याचा हेतु रक्षणाचा आहे, दुसऱ्याचा सोयीचा.

या सोयीचा लाभ खरा आहे. मोकळ्या, सपाट व कोरड्या रस्त्यावर वेग स्थिर राहिल्यानें इंधन वांचतें आणि चालकाच्या पायाला विसांवा मिळतो. परंतु साधें क्रूझ कंट्रोल केवळ एंजिनाला मिळणारें इंधन कमीजास्त करतें. उतारावर इंधन बंद केलें, तरी टनावारी माल गाडीला खालीं ढकलीतच राहतो. तेथें आधींच खालचा गिअर घालून एंजिनाच्या ब्रेकचा आधार घ्यावा लागतो. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तो तापून निकामी होण्याची भीति असते. पावसानें निसरड्या झालेल्या रस्त्यावर चाकांची पकड सुटूं लागली, तरी साधें यंत्र ठरलेला वेग राखण्यासाठीं जोर लावीतच राहतें. म्हणून उतार, वळणें, गर्दी, पाऊस, धुकें आणि डोळ्यांवर येणारी झोंप, यांपैकीं एकही गोष्ट असतां तें बंद ठेवावें. नव्या गाड्यांतील रडार पुढील वाहनाचें अंतर मोजतें खरें. पण जबाबदारी चालकाचीच राहते.

अंकगणित येथें फार बोलकें आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानें जाणारी मालमोटार एका सेकंदांत २२ मीटर ओलांडते. चालकाचा पाय ब्रेकपासून दूर असेल आणि तो तेथें आणण्यांत एक सेकंद जास्त गेला, तर तितकें अंतर फुकट गेलें. शिवाय ६० च्या वेगापेक्षां ८० च्या वेगांत गाडीच्या ठायीं सुमारें पावणेदोन पट ऊर्जा असते आणि ती सारी ब्रेकला गिळावी लागते.

साकोली ते देवरी या टप्प्यांत हा महामार्ग नवेगांव व नागझिरा या जंगलांमधून जातो. ते दोन्ही मिळून २०१३ सालीं व्याघ्र प्रकल्प झाला. तेथें रस्ता ओलांडणाऱ्या जनावराला गाडीचा वेग ठाऊक नसतो. यात्रेच्या दिवसांत देवरीकडून निघालेल्या पायी माणसालाही तो ठाऊक नसतो. वॉटच्या गोळ्यांपासून आजच्या रडारपर्यंत यंत्रानें वेग राखण्याची कला साध्य केली. तो वेग केव्हां सोडावा, हें मात्र रस्त्याकडे पाहणाऱ्या चालकानेंच ठरवावयाचें असतें, आणि त्यासाठीं त्याचा पाय ब्रेकजवळच असला पाहिजे.