दुधाची प्रत आणि पाण्याचा संशय

रायपूर परिसर भाताचा. इथली कोसली गाय लहानखुरी, दूध थोडेच देणारी. होल्स्टीनचा संकर केला की दूध वाढते, पण फॅटची टक्केवारी उतरते, हे लक्षात ठेवा.

प्रत मोजायची कशी, हा वाद जुना. लॅक्टोमीटर फक्त घनता दाखवतो. साय काढली की घनता वाढते, पाणी घातले की घटते. दोन्ही केले तर आकडा जागच्या जागी! ही पळवाट १८९० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी बंद केली. आम्लाने प्रथिने विरघळवायची, बाटली गरगर फिरवायची आणि वर आलेले फॅट मोजायचे. पेटंट त्यांनी घेतले नाही.

आज गायीच्या दुधात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, लागतात. एसएनएफ कमी भरले की शेतकऱ्यावर पाण्याचा आळ येतो. पण नुसत्या पेंढ्यावर ठेवलेली गाय, उन्हाळा किंवा कासदाह यांनीही ते उतरते. शिवाय पहिल्या धारा पातळ, शेवटच्या दाट. शेवटचे दूध वासराने प्यायले तर फॅट कमीच येणार. म्हणून ठपका ठेवण्याआधी त्याच गायीचे सगळे दूध समोर काढून तपासा.