स्वस्त डिस्कांचा ताफा आणि त्याचे अपघात

धनाच्या रक्षणासाठीं माणसानें जे जे उपाय योजिले, त्या प्रत्येकाच्या पोटीं एक नवी चिंता जन्मास आली, असें इतिहास सांगतो. तिजोरी आली तेव्हां किल्ली हरवण्याची भीति आली. पहारेकरी ठेवला तेव्हां त्याच्यावर पहारा कोणीं करावा, हा प्रश्न उभा राहिला. संगणकांत सांठविलेल्या माहितीची कथाहि याहून वेगळी नाहीं. बँकांचे हिशेब, इस्पितळांतील रोग्यांचीं टिपणें, विद्यापीठांचे निकाल हें सारें आज सर्व्हर नांवाच्या यंत्रांच्या स्वाधीन आहे. तें सुरक्षित राहावें म्हणून अनेक डिस्कांचा ताफा उभारण्याची युक्ति निघाली. आणि पुष्कळदां सर्व्हर कोसळतो तो या ताफ्याशींच अडखळून. ही युक्ति कशी निघाली, ती कोठें फसते आणि फसली असतां खरा दोष कसा हुडकावा, हें समजून घेण्यासारखें आहे.

इ. स. १९५६ च्या सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें 'रॅमॅक' नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. त्याच्या उभ्या आंसावर २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या फिरत, आणि त्या सर्वांवर मिळून सुमारें ५० लाख अक्षरें मावत. पुढील तीस वर्षांत तबकड्या लहान होत गेल्या व त्यांत मावणारा मजकूर वाढत गेला; तथापि मोठ्या कचेऱ्यांतून कपाटाएवढ्या महागड्या डिस्कांचेंच राज्य होतें. दरम्यान घरगुती संगणकांसाठीं लहान व स्वस्त डिस्का तयार होऊं लागल्या होत्या.

१९८७ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनीं एक निबंध लिहिला. १९८८ च्या जून महिन्यांत तो शिकागो येथील परिषदेंत मांडला गेला. त्यांचें म्हणणें सोपें होतें. आयबीएमच्या एका मोठ्या डिस्कमध्यें ७,५०० मेगाबाइट मजकूर मावतो, तर लहान डिस्कमध्यें १००. मग ७५ लहान डिस्का एकत्र जुंपल्या, तर तेवढेंच काम अधिक वेगानें कां होऊं नये? परंतु याच निबंधांत त्यांनीं या बेताचें वैगुण्यहि उघड केलें. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असें धरलें, तर १०० डिस्कांच्या ताफ्यांत दर ३०० तासांनीं, म्हणजे दोन आठवडेहि पुरे होण्यापूर्वीं, एखादी डिस्क निकामी व्हावयाची. म्हणून त्यांनीं ताफ्यांत राखीव माहितीची तरतूद सुचविली आणि या रचनेस 'रेड' हें नांव दिलें. त्या नांवांत प्रारंभीं 'स्वस्त डिस्का' असे शब्द होते. पुढें धंद्यांत 'स्वस्त' मागें पडून 'स्वतंत्र' हा शब्द रूढ झाला.

या तरतुदीचें मर्म शाळेंतील बेरजेनें समजतें. तीन डिस्कांवर ७, ४ व ९ हे आंकडे आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २० लिहून ठेवली आहे. दुसरी डिस्क बिघडली, तर २० मधून ७ व ९ वजा करतांच हरवलेला ४ परत मिळतो. प्रत्यक्षांत बेरजेऐवजीं 'पॅरिटी' नांवाची एक द्विमान गणितांतील क्रिया वापरतात, परंतु तत्त्व हेंच.

आतां याच बेरजेंतील धोका पाहा. पहिल्या डिस्कवरील ७ खोडून तेथें ८ लिहिला, आणि चौथीवरची बेरीज २१ करण्याआधींच वीज गेली. बेरीज २० च राहिली. त्या क्षणीं कोणाचेंच कांहीं बिघडलेलें दिसत नाहीं. परंतु पुढें दुसरी डिस्क निकामी झाली म्हणजे २० मधून ८ व ९ वजा होतात आणि ४ च्या जागीं ३ हा आंकडा हातीं येतो. ज्या माहितीस त्या दिवशीं कोणीं हातहि लावला नव्हता, तीच खोटी ठरते, आणि तीहि निमूटपणें. या दोषास जाणकार 'लेखनांतील छिद्र' म्हणतात.

आरंभीं हें बेरजेचें काम स्वतंत्र यंत्रभाग करीत असत. त्यांपैकीं चांगल्यांस स्वतःची विजेरी असे, आणि दिवे गेले तरी अपुरें लिखाण तिच्या बळावर जपून ठेवतां येई. हे भाग महाग पडत. म्हणून लिनक्ससारख्या प्रणालींनीं तें काम सॉफ्टवेअरकडे सोंपविलें. ऑस्ट्रेलियांतील नील ब्राउन यांनीं लिहिलेलें 'एमडीॲडम' हें साधन जगभर वापरांत आलें. खर्च वांचला, पण पहारेकरी आतां घरांतच राहूं लागला. घर कोसळलें कीं तोहि त्याखालीं सांपडतो. सर्व्हर बंद पडला कीं बेरजेचें कामहि अर्ध्यावर थांबतें.

दोष हुडकण्याच्या कामीं मोठीच भर २००७ सालीं सॅन होझे येथील परिषदेंत पडली. बियांका श्रोडर व तेच गार्थ गिब्सन यांनीं सुमारें एक लाख डिस्कांचा हिशेब तेथें मांडला. कारखानदारांच्या पत्रकांप्रमाणें वर्षाकांठीं शेंकडा एकाहूनहि कमी डिस्का बिघडावयाच्या. प्रत्यक्षांत शेंकडा दोन ते चार बदलाव्या लागत, आणि एखाद्या ठिकाणीं हें प्रमाण तेरापर्यंत गेलें होतें. शिवाय हे बिघाड एकमेकांपासून सुटे नसतात, एकामागोमाग दुसरा येण्याचा संभव वाढतो, असेंहि दिसून आलें. त्याच परिषदेंत गूगलच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, निकामी झालेल्या डिस्कांपैकीं शेंकडा ५६ डिस्कांनीं त्यांच्या स्वपरीक्षणांतील चार प्रमुख लक्षणांपैकीं एकहि आधीं दाखविलें नव्हतें. म्हणजे डिस्क स्वतः 'मी ठीक आहे' म्हणते, एवढ्यावर विसंबणें शहाणपणाचें नाहीं.

उलट, दोषी ठरलेली डिस्क नेहमीं दोषी असतेच असें नाहीं. घरगुती डिस्क खराब जागेवरील अक्षर वाचण्यासाठीं कधीं कधीं मिनिटभराहून अधिक वेळ धडपडते. लिनक्स मात्र सामान्यतः ३० सेकंदच वाट पाहतें. उत्तर आलें नाहीं म्हणून तें डिस्कला मेलेली समजतें आणि ताफ्याबाहेर काढतें. एका अक्षरासाठीं सबंध डिस्क जाते. तसेंच चार डिस्का एकाच क्षणीं गेल्या, तर चौघींना एकदम मृत्यु आला असें मानण्यापेक्षां त्यांस जोडणारी वीजतार किंवा नियंत्रक तपासावा. नाहीं तर चोर सोडून संन्याशाला सुळीं दिल्यासारखें होतें.

म्हणून अनुभवी माणसें एक क्रम पाळतात. प्रथम कांहींहि लिहावयाचें नाहीं, आणि ताफा नव्यानें निर्माण करण्याची आज्ञा तर मुळींच द्यावयाची नाहीं. दुसरें, प्रणालीची नोंदवही वाचून पहिली तक्रार कोणती व कोणत्या वेळची, हें पाहावयाचें. शेवटची तक्रार बहुधा परिणाम असतो, कारण नव्हे. तिसरें, प्रत्येक डिस्कवर ताफ्याच्या घडामोडींचा एक क्रमांक लिहिलेला असतो. ज्या डिस्कचा क्रमांक मागें पडला, ती आधीं बाहेर गेली, हें त्यावरून उमगतें. चौथें, डिस्कांच्या नकला करून पुढील सारे प्रयोग नकलांवर करावयाचे. ताफा अपुरा असून शिवाय अर्धवट लिहिलेला असेल, तर लिनक्स तो आपणहून सुरू करीत नाहीं. हा हट्ट नसून इशारा आहे. त्याच्यावर बळजबरी करण्यापूर्वीं नकला हातीं असाव्या.

मूळ दोषावरहि उपाय निघाले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स प्रभृतींनीं २००१ पासून 'झेडएफएस' ही रचना सिद्ध केली. तिचा मूळ मजकूर २००५ सालीं सर्वांस खुला झाला. तींत जुन्या लिखाणावर नवें गिरवीत नाहींत. नवें लिखाण निराळ्या जागीं पुरें झाल्यावरच जुनें सोडून देतात, आणि प्रत्येक तुकड्याची पडताळणी-खूण वेगळी राखतात. २०१६ सालीं लिनक्सच्या ताफ्यासहि अपुऱ्या लिखाणाची आगाऊ नोंद ठेवणारी रोजनिशी मिळाली.

तरीहि एक गोष्ट कोणत्याच युक्तीनें साधत नाहीं. चुकून पुसलेली वही ताफा परत देत नाहीं. पुसण्याची आज्ञा तो तितक्याच इमानानें सर्व डिस्कांवर पाळतो. ताफा काम चालूं ठेवण्यासाठीं असतो. माहिती जगण्यासाठीं दुसऱ्या जागीं ठेवलेली प्रतच लागते. आपल्या पूर्वजांनीं एका पोथीच्या अनेक प्रती करून त्या निरनिराळ्या गांवीं ठेवल्या, आणि म्हणूनच कित्येक ग्रंथ आगीपुरांतून वांचून पुढील पिढ्यांच्या हातीं आले. यंत्रें बदललीं, पण तो नियम आजहि तितकाच खरा आहे.