एअरसॉफ्टसाठी गॅस पिस्तूल घेताना मॉडेलच्या आधी काय पाहायचं?

ब्रिटनमधली जानेवारीची सकाळ. तापमान तीन-चार अंश. जंगलात एअरसॉफ्टचा खेळ सुरू आहे. नवा खेळाडू झाडामागून बाहेर येतो आणि पिस्तुलाचा चाप ओढतो. पहिल्या चार-पाच गोळ्या नीट सुटतात, सहावी पायापाशी पडते आणि सातव्या वेळी पिस्तुलाची स्लाइड अर्ध्यातच अडकते.

पिस्तुलात बिघाड नसतो आणि मॅगझीनमध्ये गॅसही शिल्लक असतो. तरीही असं होतं, कारण या पिस्तुलाची सगळी ताकद गॅसच्या दाबात असते आणि तो दाब तापमानावर ठरतो.

पहिल्यांदा पिस्तूल घेणारे बहुतेक जण ते कोणत्या खऱ्या पिस्तुलासारखं दिसतं ते आधी पाहतात. खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी गॅस, हवामान, ताकदीची मर्यादा आणि कायदा या चार गोष्टी पाहाव्या लागतात.

एअरसॉफ्ट म्हणजे नेमकं काय?

एअरसॉफ्ट हा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ आहे. दोन संघ मैदानात उतरतात आणि प्लॅस्टिकच्या गोल गोळ्या एकमेकांवर झाडतात. या गोळ्यांना 'बीबी' म्हणतात. त्यांचा व्यास साधारण ६ मिलीमीटर आणि वजन बहुतेक वेळा ०.२० ते ०.३० ग्रॅमच्या दरम्यान असतं.

पेंटबॉलमध्ये गोळी लागली की कपड्यावर रंग उमटतो. इथे तसा पुरावा राहत नाही. गोळी लागलेल्या खेळाडूने स्वतःच हात वर करून 'हिट' म्हणायचं आणि मैदानाबाहेर जायचं. सगळा खेळ असा प्रामाणिकपणावर चालतो.

या खेळाची सुरुवात जपानमध्ये झाली. तिथे सामान्य माणसाला खरं पिस्तूल बाळगता येत नाही, त्यामुळे हुबेहूब प्रतिकृतींचा छंद वाढला. १९७० आणि १९८० च्या दशकांत त्यातूनच प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुका आल्या. टोकियो मारुई ही जपानी कंपनी आजही या क्षेत्रातलं मोठं नाव आहे. तैवानच्या डब्ल्यूई, केजे वर्क्स आणि व्हीएफसी या कंपन्याही जगभर माल विकतात.

एअरगन आणि एअरसॉफ्ट एकच का?

नाही, आणि इथली गल्लत महागात पडू शकते. एअरगनमधून साधारण ४.५ मिलीमीटरचे शिशाचे किंवा पोलादी छर्रे सुटतात. ती लक्ष्यावर नेम धरण्यासाठी असते, माणसावर झाडण्यासाठी नाही.

गोंधळ होतो कारण कार्बन डायऑक्साइडवर चालणारी ४.५ मिलीमीटरची पिस्तुलं एअरसॉफ्टच्या पिस्तुलासारखीच दिसतात. काही वेळा तर एकाच पिस्तुलाच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी विकायला असतात. म्हणून खोक्यावर '६ मिलीमीटर' लिहिलं आहे का, हे सर्वांत आधी तपासावं. पोलादी छर्रा जवळून लागला तर कातडीत घुसू शकतो.

गॅस पिस्तूल चालतं कसं?

या पिस्तुलात गॅसची टाकी मॅगझीनमध्येच असते. कॅनमधून मॅगझीनमध्ये गॅस भरला की तो दाबाखाली द्रवरूपात राहतो आणि वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ साठते. चाप ओढला की हातोडी व्हॉल्व्हवर आपटते, थोडी वाफ बाहेर पडते आणि गोळीला नळीतून पुढे ढकलते. ब्लोबॅक प्रकारात हीच वाफ स्लाइडलाही मागे ढकलते, त्यामुळे हाताला झटका जाणवतो आणि पुढची गोळी आपोआप जागेवर येते.

वाफ बाहेर गेली की उरलेला द्रव तिची जागा भरायला उकळतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो मॅगझीनच्या धातूतून खेचून घेतो, म्हणून भराभर गोळ्या झाडल्या की मॅगझीन गार पडतं. लग्नाच्या स्वयंपाकात मोठी शेगडी तासभर चालली की गॅस सिलिंडरला खालून घाम येतो, कधी बर्फही धरतो. इथे घडतं ते तेच. मॅगझीन गार झालं की दाब उतरतो, दाब उतरला की स्लाइड अडकते. हवा आधीच थंड असेल तर हे दोन-चार गोळ्यांतच होतं.

कोणता गॅस घ्यायचा?

बाजारात प्रामुख्याने तीन पर्याय मिळतात.

पहिला एचएफसी-१३४ए. वीस अंश तापमानाला याचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण साडेपाच पट असतो. तो सौम्य असल्याने प्लॅस्टिकच्या स्लाइडला झेपतो. जपानी पिस्तुलं मुख्यतः अशा सौम्य गॅससाठी बनलेली असतात. मात्र हवामान तापवण्याच्या बाबतीत हा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक घातक आहे. २०१६ च्या किगाली करारानुसार अनेक देश त्याचा वापर कमी करत आहेत.

दुसरा 'ग्रीन गॅस'. नाव काहीही असलं तरी हा मुख्यतः प्रोपेन असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधला एक घटक. त्यात उग्र वासाचं रसायन नसतं आणि बहुतेक वेळा थोडं सिलिकॉन तेल मिसळलेलं असतं. वीस अंशांना त्याचा दाब हवेच्या सुमारे आठ पट असतो. शून्य अंशाला तो साडेचार पटींच्या आसपास उतरतो आणि ३५ अंशांना बारा पटींवर जातो. प्रोपेन ज्वालाग्राही आहे, त्यामुळे भरताना जवळ सिगारेट, शेगडी किंवा ठिणगी नको. मॅगझीन आणि कॅन उन्हात उभ्या गाडीत ठेवणंही टाळावं.

तिसरा कार्बन डायऑक्साइड. हा १२ ग्रॅमच्या छोट्या बंद नळकांडीत येतो. वीस अंशांना त्याचा दाब हवेच्या ५० पटींहून अधिक असतो. थंडीत तो इतर दोघांपेक्षा चांगला टिकतो, पण पिस्तुलाच्या भागांवर ताण जास्त येतो आणि त्याला वेगळं, त्याच्यासाठीच बनवलेलं मॅगझीन लागतं.

यातून निघणारा नियम साधा आहे. पिस्तूल ज्या गॅससाठी बनलं आहे तोच वापरायचा. सौम्य गॅससाठी बनवलेल्या प्लॅस्टिकच्या स्लाइडला जास्त दाबाचा गॅस दिला तर ती तडकू शकते. बाराही महिने उघड्यावर आणि थंड प्रदेशात खेळणाऱ्याने ग्रीन गॅस किंवा कार्बन डायऑक्साइड झेपणारं, धातूच्या स्लाइडचं पिस्तूल पाहावं. मात्र जड स्लाइड हलवायला गॅसही जास्त लागतो. उबदार बंदिस्त मैदानात खेळणाऱ्याला हलकी प्लॅस्टिकची स्लाइड पुरते आणि ती झपाट्याने हलते.

ब्लोबॅक की स्थिर स्लाइड?

ब्लोबॅक पिस्तुलाची मजा त्याच्या झटक्यात आहे. पण तो झटका गॅस खातो आणि हलणारे भाग झिजतात.

स्थिर स्लाइडच्या पिस्तुलात सगळा गॅस गोळीसाठीच वापरला जातो. एका भरणीत जास्त गोळ्या सुटतात, आवाज कमी होतो आणि थंडीचा त्रासही तुलनेने कमी होतो. मात्र स्लाइड मागे येत नसल्याने चाप जड लागू शकतो. टोकियो मारुईचं एमके-२३ हे या प्रकारातलं प्रसिद्ध पिस्तूल. लपूनछपून खेळणाऱ्यांना ते आवडतं.

ताकद किती असावी?

ताकद ज्यूलमध्ये मोजतात. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. जपानमध्ये २००६ मध्ये कायदा बदलला आणि ६ मिलीमीटरच्या बंदुकांसाठी मर्यादा सुमारे ०.९८ ज्यूल ठरली. ब्रिटनमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार एकेक गोळी झाडणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकांसाठी ती २.५ ज्यूल आणि सलग गोळ्या झाडणाऱ्यांसाठी १.३ ज्यूल आहे. पण अनेक मैदानांची स्वतःची मर्यादा यापेक्षा बरीच कमी, १.१ ज्यूलच्या आसपास असते. खेळाआधी क्रोनोग्राफ नावाच्या यंत्रावर प्रत्येक बंदुकीचा वेग मोजला जातो.

गॅस पिस्तुलाच्या बाबतीत इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. सकाळी गारव्यात मर्यादेत बसलेलं पिस्तूल दुपारी ऊन तापल्यावर मर्यादा ओलांडू शकतं. शिवाय जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, गॅस तिला जास्त वेळ ढकलतो, त्यामुळे तिची ऊर्जा हलक्या गोळीपेक्षा जास्त भरू शकते. म्हणून ज्या वजनाच्या गोळ्यांनी खेळायचं, त्याच गोळ्यांनी मोजणी करून घ्यावी.

पिस्तूल बहुतेक वेळा जवळच्या अंतरावर वापरलं जातं. जास्त ताकदीने खेळ सुधारत नाही, समोरच्याला लागतं मात्र जास्त.

मॉडेल ठरवताना काय पाहायचं?

पिस्तुलाच्या किमतीबरोबर मॅगझीनची किंमतही विचारावी. एका मॅगझीनमध्ये साधारण २५ गोळ्या बसतात आणि थंड पडलेलं मॅगझीन ऊब येईपर्यंत बाजूला ठेवावं लागतं. त्यामुळे निदान तीन मॅगझीन हवीतच. ती स्वस्त नसतात.

सुटे भाग कितपत मिळतात, हेही पाहावं. टोकियो मारुईच्या हाय-कापा मालिकेसाठी आणि ग्लॉक धाटणीच्या पिस्तुलांसाठी सुटे भाग आणि होल्स्टर भरपूर मिळतात. दुर्मीळ मॉडेलचा एक स्प्रिंग तुटला तरी अख्खं पिस्तूल कपाटात पडून राहू शकतं.

जुनं घेत असाल तर मॅगझीन गॅस भरून कानाजवळ धरावं. फुसफुस ऐकू आली तर रबरी सील गेलेलं आहे. सील बदलता येतं, पण मग त्या हिशोबाने किंमत कमी करून घ्यावी. घरी ठेवताना मॅगझीनमध्ये थोडा गॅस राहू द्यावा आणि अधूनमधून सिलिकॉन तेल द्यावं, म्हणजे सील कोरडं पडत नाही.

खरं दिसण्याची किंमत

एअरसॉफ्टचं आकर्षण हुबेहूब दिसण्यात आहे आणि सगळ्यात मोठा धोकाही तिथेच आहे.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात तामिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. पिस्तुलाच्या तोंडाशी असायला हवी ती नारिंगी खूण नव्हती. फोन करणाऱ्याने पिस्तूल बहुधा खोटं असावं असं सांगितलं होतं, पण ते घटनास्थळी निघालेल्या पोलिसांपर्यंत पोहोचलं नाही. गाडी येऊन थांबताच दोन सेकंदांच्या आत एका पोलिसाने गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी तामिरचा मृत्यू झाला. पोलिसांवर खटला चालला नाही. शहराने पुढे कुटुंबाला ६० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं.

अमेरिकेत अशा खेळण्यांच्या विक्रीसाठी नारिंगी टोक लागतं ते हा धोका ओळखूनच. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानुसार खरी वाटणारी प्रतिकृती सर्रास विकता येत नाही. नियमित खेळाडू असल्याचं दाखवता आलं तरच ती मिळते. त्यासाठी दुकानदार 'यूकारा' नोंदणी तपासतात आणि तिच्यासाठी साधारणपणे किमान ५६ दिवसांच्या काळात तीन वेळा खेळलेलं असावं लागतं. इतरांना निम्म्याहून अधिक भाग भडक रंगाचा असलेलं पिस्तूल घ्यावं लागतं. १८ वर्षांखालच्यांना विक्री होत नाही आणि सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी ते बाळगणं हा गुन्हा आहे.

म्हणून रंगीत खूण कधीही काढू नये, पिस्तूल बंद पिशवीतून न्यावं आणि मैदानाबाहेर काढू नये. अंगणात, गच्चीवर, रस्त्यावर तर नाहीच.

शिकायला किंवा नोकरीला परदेशात गेलेल्या मराठी मुलांनी आणखी एक काळजी घ्यावी. सुट्टीला घरी येताना हे पिस्तूल सामानात टाकू नये. प्रोपेनचा कॅन विमानात कोणत्याच सामानात चालत नाही. भारतात बंदुकांच्या आयातीवर कडक निर्बंध आहेत आणि विमानतळाच्या एक्स-रे यंत्रात दिसलेलं पिस्तूल खेळण्यातलं आहे, हे पटवून देण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पहिली खरेदी कोणती?

पिस्तूल नव्हे, गॉगल. एक ज्यूलची गोळी कातडीवर लागली तर लाल वळ उठतो, डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते. साधा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल पुरत नाही. चारी बाजूंनी चेहऱ्याला चिकटून बसणारा आणि आघाताच्या चाचणीत उतरलेला गॉगलच हवा. दात वाचवण्यासाठी चेहऱ्याचा खालचा भागही झाकावा.

त्यानंतर दोन-तीन वेळा मैदानावरचं भाड्याचं साहित्य घेऊन खेळावं. आपण उघड्यावर जास्त खेळतो की बंदिस्त जागेत, थंडीत की उन्हाळ्यात, पिस्तूल वारंवार लागतं की क्वचित, हे तिथेच कळतं. ते कळल्यावर गॅस ठरतो, गॅसवरून स्लाइड ठरते आणि मग राहिलेल्या दोन-चार मॉडेलांमधून हाताला बसेल ते आणि आवडेल ते निवडायला काहीच हरकत नाही.