कापलेलं हेड : कागद नसलेल्या इतिहासाचं साधन

संशोधनाला सुरुवात करताना तुम्हाला पहिला सल्ला मिळेल, "आधी अभिलेखागारात जा." सल्ला बरोबरच आहे. पण ज्यांनी आपलं काम कधी कागदावर उतरवलंच नाही, त्यांचा इतिहास कुठे शोधणार? त्यासाठी आज एक जरा विचित्र साधन घेऊ : शर्यतीच्या चेनसॉचं सिलिंडर हेड.

हो, झाडं कापायच्या पेट्रोल करवतीच्याही शर्यती असतात. अमेरिकेत १९८५ पासून चालू असलेल्या टिंबरस्पोर्ट्स मालिकेत 'हॉट सॉ' नावाचा प्रकार आहे. एका सिलिंडरचं, खास बनवून घेतलेलं इंजिन, आणि ४६ सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्याच्या तीन चकत्या.

आता वस्तू वाचू. कारखान्यातून आलेल्या बहुतेक चेनसॉमध्ये सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात असतात. जोड नाही म्हणजे गॅस्केट नाही, बोल्ट नाहीत, गळती नाही, वजनही कमी. दिवसभर यंत्र हातात धरणाऱ्या लाकूडतोड्याला हेच हवं. शर्यतवाल्याला मात्र कॉम्प्रेशन वाढवायचं असतं. समजा इंजिन १०० सीसीचं आहे आणि पिस्टन वर पोचल्यावर १० सीसी जागा उरते, तर गुणोत्तर ११. तीच जागा ८ सीसी केली की साडेतेरा. सोपा उपाय म्हणजे लेथवर सिलिंडरचा तळ घासायचा. पण मग टू-स्ट्रोकचे पोर्टही तेवढेच खाली येतात आणि त्यांच्या उघडझापीची वेळ बदलते. म्हणून काही कारागीर सिलिंडरचा माथाच कापतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून वेगळं हेड कातून बोल्टने बसवतात. कंपनीने विचारपूर्वक जोडलेलं त्यांनी विचारपूर्वक तोडलं!

मोजमापाची पद्धत तर मला फारच आवडते. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची तार कडेपर्यंत आत सारायची, इंजिन हाताने फिरवायचं आणि चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने बघायची. पिस्टन आणि हेडच्या कडेमधली ही फट साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात. ती मिश्रणाला मधोमध ढकलते, जळण वेगाने होतं. फार कमी ठेवली तर जास्त वेगात पिस्टन हेडवर आपटतो.

हा उलटा प्रवास नवा नाही. १९५६ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन लावून पहिली गो-कार्ट बनवली. लवकरच लोकांनी मॅककलॉकची चेनसॉ इंजिनं कार्टवर चढवली, आणि मग कंपनीनेच खास कार्टसाठी इंजिनं काढली. पुढे तीच कार्टची इंजिनं शर्यतीच्या करवतींवर परत आली. यात कोण कोणाच्या मागे चाललंय, सांगा बरं?

रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांचा १९९६ चा लेख इथे जरूर वाचा. अमेरिकी शेतकऱ्यांनी मोटारीचा उपयोग शेतातली यंत्रं चालवायला कसा केला, हे त्यात आहे. वापरणारा माणूस यंत्राचा अर्थ ठरवतो, हा त्यांचा मुद्दा.

मात्र सुटं हेड स्वतःची तारीख सांगत नाही. कातकामाच्या खुणा बघा, तो सिलिंडर मूळ कोणत्या मॉडेलचा ते ओळखा, त्या काळच्या स्पर्धेची नियमावली शेजारी ठेवा. मॉडेल बाजारात कधी आलं यावरून फक्त 'याआधी नाही' एवढंच कळतं. 'केव्हापर्यंत' हे विचारायला तो लेथ चालवणारा माणूसच गाठावा लागतो, आणि त्यातले बरेचजण आता म्हातारे झालेत.