टर्बोचं तेल आणि इंजिनाचा श्वास



निवृत्तीनंतर मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. वर्षभरात तिचा टर्बो दोनदा बदलला, पण निळा धूर काही थांबेना. शेवटी एका वयस्कर मिस्त्रीनं टर्बोला हातही न लावता इंजिनावरची एक रबरी नळी काढली. ती काळ्या गाळानं गच्च भरली होती. नळी साफ केली आणि दोन दिवसांत धूर बंद! फौजेत आयुष्यभर गाड्या वापरूनही मला हे सुचलं नव्हतं. म्हणून आज या नळीचा इतिहास सांगतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट हवी. पूर्वी त्यासाठी गाडीखाली एक उघडी नळी सोडलेली असे. गाडी धावली की वाऱ्याच्या ओढीनं वायू बाहेर खेचला जाई. गाडी थांबली की ओढही थांबे.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांना नदीनाले ओलांडायचे होते. उघड्या नळीतून पाणी शिरलं तर इंजिन संपलंच. म्हणून हा वायू एका झडपेतून परत इंजिनातच जाळायची सोय झाली. विलिस जीपमध्ये ती होती. विलिस जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली.

युद्धानंतर लॉस एंजेलिसवर धुरकं दाटू लागलं. गाड्यांचा धूर आणि ऊन यांतून ते तयार होतं, हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञानं दाखवलं. क्रँककेसचा वायूही त्यात भर घालत होता. मग युद्धातली ती झडप १९६१ च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत आली आणि १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत.

आता टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. मोटारगाडीत तो १९६२ मध्ये आला, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअरमधून. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल आत येतं पंपाच्या दाबानं, परत जातं मात्र केवळ उतारानं. म्हणूनच परतीची नळी जाड आणि सरळ खाली उतरणारी हवी. ती जिथे क्रँककेसमध्ये उतरते, तिथेच हा वायूही साठलेला असतो. श्वासाची नळी तुंबली की आतला दाब वाढतो, तेल खाली उतरेनासं होतं आणि टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं. सील मात्र निर्दोष असतं!

डिझेल गाडीत हा नुसता खर्चाचा प्रश्न नाही. फार तेल हवेच्या वाटेनं आत गेलं, तर इंजिन त्याच तेलावर बेफाम धावू शकतं. किल्ली फिरवूनही थांबत नाही.

फौजेत आम्ही रसद पुढे नेण्याची जितकी काळजी घेतो, तितकीच परतीच्या वाटेची. माझ्याच गाडीत ती वाट बघायची राहून गेली. तुम्ही मात्र टर्बो बदलण्याआधी ही नळी काढून बघा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!